तिची बातमी आली होती

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या चुका छापण्यात सरली. ही एक कुठे छापली नाही. बायकोलाही सांगितली नाही. आज सांगतो आहे — उशिरा, आणि अर्थातच निवृत्त झाल्यावर. आधी कसली हिंमत?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात खोपटला, एसटी डेपोच्या मागे आमच्या जिल्हा दैनिकाचं कार्यालय होतं. मी उपसंपादक. ई-मेलसाठी संगणक एकच, त्यात विंडोजऐवजी लिनक्स — मालकांना ते फुकट मिळालं म्हणून. पडदा जरा अडकला की आमचे शूर वार्ताहर विंचू दिसल्यासारखे मागे सरत. मला त्याच्या टाइप करायच्या चार आज्ञा पाठ होत्या. त्या कळपात तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलो. आणि ते मला आवडायचं — फार आवडायचं.

सुलभा आमची डोंबिवलीची वार्ताहर, म्हणजे स्ट्रिंगर — पगार नाही, बातमीमागे पैसे. कोपरच्या खाडीकाठची, कोळ्यांची मुलगी. तिला कायम करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. आमचा मराठी फाँट तिच्या सायबर कॅफेत नव्हता. म्हणून ती बातमी हाताने लिहायची, कागद स्कॅन करायची आणि त्यांची चित्रं मेलने पाठवायची. मेल जड व्हायचा. आमचा प्रोग्रॅम तो उघडताना थिजायचा.

त्या संध्याकाळीही थिजला. यादीत तिचं नाव दिसत होतं. विषय — खाडीत मेलेले मासे. मी प्रोग्रॅम बंद पाडला, पुन्हा सुरू केला. तिच्या मेलवर येऊन तो पुन्हा थिजला. पान छपाईला सोडायची वेळ झालेली. मागे मंडळी जमलेली; पडदा मात्र माझ्या अंगाआड होता.

"काय साहेब, जमतंय का? की बोलावू कोणाला?" एकाने खिजवलं.

उपाय साधा होता. आलेले सगळे मेल एकाच फाइलमध्ये असत. त्या फाइलचं नाव बदलून ती बाजूला ठेवायची. प्रोग्रॅम नवी, रिकामी फाइल घेऊन सुरू होतो. जुनी मग सावकाश उघडता येते. हे मला येत होतं. मग का केलं नाही? नाव बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढाच पुसायला लागतो. पण एका स्ट्रिंगरच्या मेल्या माशांसाठी जपून कोण वागतो? बाकीच्यांच्या बातम्या आधीच उतरवून झाल्या होत्या. मी फाइल पुसली. बाहेर सर्व्हरवर प्रत राहत नाही, हेही मला माहीत होतं. प्रोग्रॅम झटकन उघडला. कोणीतरी माझी पाठ थोपटली.

सकाळी ती बातमी दुसऱ्या दैनिकात पहिल्या पानावर होती. संपादकांनी सुलभाला बोलावून घेतलं. डेस्कवर जे आलं नाही ते लिहिलंच नाही, असा आमच्याकडे नियम होता. त्याचा आम्हाला अभिमानही होता — मूर्खांना कशाचाही असतो.

"सर, मी पाठवलेली! आयशप्पथ! माझ्या काकाच्याच जाळ्यात आलेले ते मासे, मी कशी सोडीन?"

"मग मेल काय वाटेत खाडीत पडला का गं?" हे मी म्हणालो. सगळे हसले.

तिने पिशवीतून हाताने लिहिलेली पानं काढली. संपादकांनी हातही लावला नाही. "पेपर वाचून सकाळीही लिहिता येतं," ते म्हणाले.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "दादा, तुम्हाला मशीनमधलं कळतं. एकदा शोधून बघा ना."

इथे तरी बोलता आलं असतं. नाही का? मी संगणकापुढे बसलो. मीच रिकाम्या केलेल्या पेटीत तिचं नाव टाइप करून शोध लावला. पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला. वर थोडा वेळ थांबलो — शोध खरा वाटावा म्हणून.

"नाही. आलेलाच नाही," मी म्हणालो.

संपादकांनी तिला तिथेच सांगितलं, उद्यापासून बातमी पाठवू नकोस. तिने पानं गोळा करून पिशवीत घातली. जाता जाता माझ्या खुर्चीपाशी थांबली.

"त्या कॅफेवाल्यानेच गंडवलं असणार, दादा. तुम्हाला उगाच त्रास झाला."

मी म्हणालो, "असू दे."