तित्तिरांचा रोल

एकदा तित्तिरांचे फोटो काढताना मला गावकऱ्यांनी अडवलं होतं. साधारण २००२-०३ ची गोष्ट असेल. तेव्हा मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. दौंडला खोली घेऊन राहायचो आणि वीकली ऑफला मोटरसायकलवरून शिरूरला घरी जायचो.

भीमा ओलांडली की वाटेत एक माळ लागायचा. गवत, थोड्या बाभळी, मधे एक दगडी बांध... आणि त्या बांधाच्या आसऱ्यानं राहणारी तित्तिरांची जोडी. सकाळी सातच्या सुमाराला ती मातीत अंग घोळायला यायची. मी दोन वर्षं त्यांच्या मागे होतो. तित्तिर शक्यतो उडत नाही, पळतो... कॅमेरा फोकस करेपर्यंत गवतात नाहीसा होतो.

त्या दिवशी मात्र जोडीबरोबर पाच पिल्लं होती. मी सेकंडहँड घेतलेली तीनशे एमएमची टेलिफोटो लेन्स ट्रायपॉडवर लावून बाभळीच्या आडोशाला बसलो. तासाभरात बत्तीस फोटो झाले. फिल्मचे दिवस ते... काय आलंय ते रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही.

तेवढ्यात मागून सात-आठ माणसं आली.

माळावरच्या जमिनी नवीन कारखान्यांसाठी जाणार अशी बोलवा गावात वर्षभर चालू होती, हे मला नंतर समजलं. तीन पायांवर नळकांडं लावून कोणीतरी त्यांच्या शेतांकडं बघत बसलेला... त्यांनी मला मोजणीवाला समजलं, यात त्यांची काही चूक नव्हती.

पुढं दत्ता नावाचा तिशीतला माणूस होता. त्यानं आधी माझ्या गाडीची चावी काढून घेतली, मग कुणी पाठवलं म्हणून विचारायला लागला. मी म्हणालो, पक्ष्यांचे फोटो काढतोय. पण पक्षी तर माणसांची चाहूल लागताच पळाले होते. रिकाम्या माळाकडं बोट दाखवून हे सांगताना मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. त्यात पाकिटातून कंपनीचं आयकार्ड निघालं...

दत्तानं कॅमेऱ्याला हात घातला. झाकण उघडलं तर उजेड लागून सगळे फोटो जातील, असं मी त्याला सांगितलं.

"मग जाऊ द्या की," तो शांतपणे म्हणाला.

तेव्हा त्याचे चुलते मधे पडले. साठीचे असतील, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. बांधाखालची चार एकर त्यांचीच होती. त्यांनी दत्ताचा हात बाजूला केला आणि मला म्हणाले, "रोल आमच्यापाशी द्या. आम्ही धुऊन बघतो. पाखरं निघाली तर तुमचं तुम्हाला आणून दिऊ. जमीन निघाली, तर मग काय करायचं ते बघू."

माझ्या बॅगेत एक कोरा रोल होता. पाठ वळवून तो हातात देणं अवघड नव्हतं, आणि ते माझ्या मनात आलं, हे कबूल करतो. पिल्लांचे फोटो परत मिळणार नव्हते. पण कोरा रोल धुतला तर कोराच निघाला असता, आणि आप्पांनी माझ्या बाजूनं टाकलेला शब्द त्यांच्यावरच उलटला असता. मी खरा रोल गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला. चावी परत मिळाली. शिरूरपर्यंत कसा गेलो ते आठवत नाही.

दोन आठवडे काहीच नाही. रोल गेला असं धरून मी कामाला लागलो होतो... आणि एका दुपारी गेटवरून लॅबमध्ये फोन आला, कोणीतरी भेटायला आलंय.

गेटबाहेर आप्पा आणि दत्ता उभे होते. एसटीनं आले होते. आप्पांच्या हातात दौंडच्या स्टुडिओचं पाकीट होतं. दत्ता माझ्याकडं बघत नव्हता.

आप्पांनी फोटोतल्या एकेका पाखराला ओळख देऊन टाकली होती जणू. हा म्हातारा, ही त्याची बायको, हे मागं राहणारं पिल्लू... एकेक फोटो वर धरून ते मला सांगत होते, जसं काही मी तिथं नव्हतोच. एका फोटोत नराच्या गळ्याखालची काळ्या ठिपक्यांची माळ स्पष्ट आली होती. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"तरणा हुतो तवा फासे लावून लई खाल्ली ही," ते म्हणाले. "आन् बघितली मातर आत्ता."

मग तो फोटो ठेवून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. मी तो दिला, आणखी दोन दिले. निघताना दत्ता एवढंच म्हणाला, "राग धरू नका साहेब. जमिनीचं काम हाय."

मी राग धरला नव्हता. त्याच्या जागी मी काय केलं असतं, हा विचार मी पुढं बरेच दिवस केला.

मोजणी खरंच झाली, दोन-तीन वर्षांनी. रस्त्यापलीकडचा माळ गेला, आप्पांची बाजू राहिली. त्यात माझ्या फोटोंचा काही संबंध नव्हता, आखणीच तशी होती. पण मोजणीवाले आले त्या दिवशी आप्पा फोटो घेऊन त्यांच्याकडं गेले होते, असं दत्तानं नंतर मला सांगितलं. त्यांनी ते पाहिले, छान आहेत म्हणाले आणि परत दिले.

आप्पा आता नाहीत. आठ माणसं एका बाजूला आणि अनोळखी माणसाचं एक न पटणारं वाक्य दुसऱ्या बाजूला असताना, ते वाक्य खरंही असू शकेल एवढी जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली. त्याबद्दल त्यांना एकदा नीट सांगायचं होतं... ते राहून गेलं, म्हणून इथं लिहिलं.