पाल्हाळकर की मौनीबाबा?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये जुनी मासिकं साठतात, तसे ते साठत जातात. माझा दातांचा दवाखाना गंगापूर रोडला. तिथे मासिकंही साठली आणि किस्सेही. मासिकं मी रद्दीत घातली, किस्से घालवत नाही.

दवाखान्यात कॉमिक्स मी आणली ती लहान पेशंटांसाठी. खुर्चीवर बसायच्या आधी पोरं रडू नयेत, एवढाच हेतू! पण पोरं मोबाईल बघायची आणि कॉमिक्स आयाबापांच्या हातात. एकदा एका मुलीची दाढ भरून झाली, तरी तिची आई जागची हलेना. ही मेघना, इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकवते. मला म्हणाली, "डॉक्टरबाई, चार पानं राहिलीत. हिचा अजून एखादा दात बघता का?"

मुलगी जी ओरडली! त्या दिवसापासून मेघना आमची झाली.

* * *

तिसरे देवरे सर. मूळचे देवळ्याचे, जन्मभर भूगोल शिकवला, आता मुलाकडे असतात. कवळीसाठी आले आणि कॉमिक्ससाठी राहिले. रविवारी दवाखाना बंद. सकाळी मिसळ हाणायची आणि मग वेटिंग रूममध्ये बसून भांडायचं, हा आमचा नेम.

भांडणाचा विषय एकच. इंग्रजीतले दोन नावाजलेले कॉमिक्स-लेखक, त्यातला मोठा कोण? खरी नावं सांगत नाही, दोघांचेही भक्त नाशकात आहेत आणि मला इथेच प्रॅक्टिस करायची आहे. एकाला आम्ही म्हणायचो पाल्हाळकर. चित्रात माणूस जिन्यावरून धावताना स्पष्ट दिसतोय, तरी हा वर चौकटीत लिहिणार, 'तो जिन्यावरून धावत सुटला.' दुसरे मौनीबाबा. यांना शब्द जणू रेशनवर मिळतात.

सर मौनीबाबांचे भक्त. मीही. मेघना पाल्हाळकरांची, कारण शिक्षक!

"सर पण शिक्षकच की," ती म्हणायची.

"मी नकाशा दाखवायचो," सर म्हणायचे, "बोलायचो कमी."

* * *

नाव बघून माणूस मत बनवतो, म्हणून सरांनी एक पद्धत घातली. सगळ्या पुस्तकांना शाळेसारखी खाकी कव्हरं घालायची, आतली नावाची पानं क्लिपने बंद करायची, आणि मग बोलायचं.

एका रविवारी मी एक पान धरून पाल्हाळकरांना अर्धा तास झोडपलं. "या माणसाला कुणीतरी कात्री द्या! संवादाच्या एका फुग्यात एवढं? हीरो बोलतोय की कीर्तन करतोय?" सर मान डोलवत होते. मेघनाने शांतपणे क्लिप काढली. मौनीबाबांचं ऐन तरुणपणातलं पुस्तक निघालं!

मी पुस्तक मिटून टाकलं. सर मात्र डगमगले नाहीत. "माणूस बोलून बोलूनच गप्प व्हायला शिकतो," म्हणाले. "तुम्हीही शिकाल, डॉक्टर."

* * *

तुलना सरांनीच सगळ्यात छान केली होती. म्हणाले, "मौनीबाबा पाहुण्याच्या हातात पत्ता देऊन मोकळे होतात. पाल्हाळकर पार घरापर्यंत सोडायला येतो. तरण्या माणसाला पत्ता पुरतो."

तेव्हा आम्ही तिघंही स्वतःला तरणेच समजत होतो.

* * *

मग सर पुस्तक डोळ्यांच्या कडेने वाचायला लागले. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून. मला वाटलं मान धरली असेल. सर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि हसत हसत म्हणाले, "मधलं गेलं. कडेचं राहील म्हणतात. आता चित्राच्या कोपऱ्यातला चहावाला दिसतो, हीरो दिसत नाही. पेज नंबर फर्स्टक्लास दिसतो!"

आम्ही हसलो. हसायला नको होतं, पण सरांनीच हसवलं.

पुढच्या रविवारी ते आपली सगळी पुस्तकं पिशवीत भरून घेऊन आले. टेबलावर ठेवली. "वाटून घ्या. मी आता इथे येऊन काय करू? दात तर सगळे तुम्हीच काढलेत!"

मला रडू आलं. मी उठून उगाच स्टरिलायझर चालू केला.

* * *

मेघना मात्र पिशवीकडे बघायलाही तयार नाही. तिने पाल्हाळकरांचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. इंग्रजी बघायचं, तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. 'तो जिन्यावरून धावत सुटला. खाली पाण्यात दिव्याचा उजेड पडला होता. दार उघडं होतं.'

सर ताठ बसले. आनंद झाला की त्यांची अहिराणी बाहेर पडते. "भारी शे! अख्खं दिसतंय की! पाणी, दार, सगळं!"

ज्या चौकटींची मी इतकी टिंगल केली, त्याच चौकटी सरांना हाताला धरून चालवत होत्या. लेखक मोठा कोण, हे पुस्तक कुणाच्या हातात आहे त्यावरही ठरतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

* * *

मौनीबाबांचं पुस्तक असं वाचता येईना. वाचायला शब्दच नाहीत! मग आम्ही दोघी चित्रं सांगायला लागलो.

"तो खिडकीत उदास बसलाय," मेघना.

"उदास कसला? झोप आलीय त्याला," मी.

"डॉक्टर, भुवया बघा!"

"तोंड बघ त्याचं!"

सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दोघी मिळून तिसरंच कॉमिक लिहिताय. राहू द्या. यापुढे पाल्हाळकरच वाचत जा."

आयुष्यभराची भक्ती सरांनी अशी एका वाक्यात आवरून ठेवली. घरी जाताना मेघना म्हणाली, "मी जिंकले ना हो, डॉक्टर? मग मला असं का होतंय?"

* * *

बरेच रविवार पाल्हाळकर चालले. मग एकदा सर स्वतःच म्हणाले, "मेघना, आज मौनीबाबांचं ते म्हातारा-म्हातारीचं पुस्तक काढ. फक्त शब्द वाच. चित्रं सांगू नको."

"सर, शब्द फार थोडे आहेत."

"असू दे."

ती वाचत गेली. एखादं वाक्य, मग पान उलटल्याचा आवाज, मग एखादं वाक्य. म्हातारी वारली. मेघनाने पान उलटलं आणि थांबली. पुढच्या पानावर एकही शब्द नव्हता. नुसतं घर आणि घरात म्हातारा.

मी सांगायला तोंड उघडलं. मेघनाने हात वर करून मला थांबवलं. बाहेर गंगापूर रोडवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, तेही थांबलं. सर मान सरळ ठेवून बसले होते.

बराच वेळ गेला. मेघनाने हलकेच पानाचं टोक उचललं.

"थांब गं," सर म्हणाले. "बघतोय अजून."