बिनबिल्ल्याची पिल्लं

आमच्या दवाखान्यातला कापूस संपतो, लस संपते, फ्रिजचा गारवा तर लाइटबरोबरच जातो. किस्से मात्र साठतच राहतात. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. म्हणून हे थोडेसे, फक्त मांजरीच्या पिल्लांचे. गाईम्हशींचे लिहायला बसले तर तिथेच रिटायर व्हायचे!

दवाखाना गुरांचा, रिसोडकडच्या एका गावात. डॉक्टर मी. पण खुर्चीत बसलेले असतात मलमपट्टी करणारे आमचे जुने ड्रेसर शामराव काका, आणि येणारा प्रत्येक म्हातारा त्यांनाच "डॉक्टरसाहेब" म्हणतो. मला म्हणतो, "पोरी, जरा पानी आन." मी पाणी आणते आणि मग त्याच्याच बैलाला इंजेक्शन टोचते. बैलाला तरी पटतं, डॉक्टर कोण ते!

काकांचं ठाम मत होतं, "मांजरीचे पिल्लं मरासाठीच असते. तू कायले जीव जाळून राह्यली?" आणि खरंच, माझ्याकडे आलेलं एकही पिल्लू तोवर वाचलं नव्हतं. एक तरी जगवून काकांना दाखवायचंच, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

*

पहिलं पिल्लू आलं, त्याला शेपटीखाली वाटच नव्हती. जन्मतःच. दूध प्यायचं, पोट फुगायचं, बाहेर काही नाही. कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. माझ्या टेबलावरच गेलं.

डोळे पुसून मी मोबाइलवर नोंद करायला बसले. काका मागून डोकावले. "टॅग नंबर कुठं हाये त्याचा?"

आमच्याकडे प्रत्येक गुराच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्याच्या नंबराशिवाय नोंद पुढे सरकत नाही.

"काका, मांजरीच्या पिल्लाला बिल्ला असतो का?"

"बिल्ला नाही म्हंजे नोंद नाही. नोंद नाही म्हंजे जनावर नाही. मंग मेलं कोन?"

मी दुकानातून दोनशे पानी वही आणली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मेलं कोण'.

*

दूधवाले सुखदेवभाऊ दोन पिल्लं घेऊन आले. हगवण लागलेली, अंगात पाणीच उरलेलं नाही. मायेनं घरच्या म्हशीचं दूध पाजत होते बिचारे.

मी म्हटलं, "भाऊ, हे दूध आधी बंद करा. पिल्लांना पचत नाही. फार घट्ट आहे."

भाऊ थबकले. "काय म्हनलं?"

"घट्ट आहे म्हटलं."

"जरा जोरानं म्हना नं बाई!" मागे त्यांचीच तीन गिऱ्हाइकं बसली होती.

सलाइन लावूनही पिल्लं गेली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, "डॉक्टरीनबाईनं चेक केलं, सुखदेवच्या दुधात पानी नाही!"

*

थंडीत एक पिल्लू पोत्यावर कडक झालेलं सापडलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, एवढंसं पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही, शेजारी फडक्यात गुंडाळून गरम पाण्याची बाटली ठेवा.

काका हसले. "आमच्या जमान्यात कोनी मांजरीले गरम पानी नाही देलं."

"म्हणूनच तुमच्या जमान्यातलं एकही मांजर आज जिवंत नाही!"

काका बराच वेळ आठवत बसले.

*

सरूआजीच्या पिल्लाच्या नाकातून दूध यायचं. बॅटरी मारून पाहिलं, टाळूच दुभंगलेली. दूध फुप्फुसात उतरायचं. मी चार दिवस नळीनं पाजलं. पाचव्या दिवशी ते गेलं.

आजी म्हणाली, "मी तवाच म्हनलं. याच्या मायनं गिऱ्हान पाळलं नसंल. पोटुशीनं गिऱ्हानात काही कापलं का असंच होते."

माझं डोकंच सटकलं. याच आजीनं ग्रहणात आपल्या नातसुनेला सुरीसुद्धा हातात धरू दिली नव्हती. "आजी, मांजर काय कापणार ग्रहणात? भाजी?"

आजी शांतपणे म्हणाली, "उंदीर."

काका मात्र त्या दिवशी हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पुरे कर आता, पोरी." मी पुरे केलं नाही, पण चार दिवस वही उघडवली नाही.

*

आणि हा किसन. भर दुपारी झोकांड्या खात आला, दुपट्ट्यातलं पिल्लू टेबलावर ठेवलं. पिल्लू चारी पाय फाकवून डुलत होतं. मान हलायची, दोन पावलं टाकायचं, पडायचं.

"बाई, खरं सांगजा. हे हलून राह्यलं का मी?"

"दोघंही!"

मांजरीला पोटुशी असताना एका विषाणूची लागण झाली, तर पिल्लाच्या मेंदूतला तोल सांभाळणारा भाग लहानच राहतो. मी किसनला समजावलं, हे जन्मभर असंच हलणार. पण त्याला दुखत नाही, हे वाढतही नाही. उथळ ताटलीत खाऊ घाल, उंचावर ठेवू नको, जगेल.

काका म्हणाले, "कायचं जगते! ठेवून दे बाहेर."

किसननं पिल्लू उचललं. "मले बी लोक असंच म्हनते जी."

दोघं डुलत डुलत गेले. वाटलं, रस्ता ओलांडेपर्यंत एक तरी पडणार.

दहा दिवसांनी किसन आला. दाढी केलेली, सरळ चालत. पिल्लू टेबलावर सोडलं. पोट टम्म! ते डुलत निघालं, पडलं, उठलं, पुन्हा पडलं, आणि काकांच्या उघड्या डब्यात तोंड घातलं. काकांनी डबा सरकवला नाही.

"दहा दिस घेतली नाही, बाई," किसन म्हणाला. "म्हनलं, एकदाचं पाहूच कोन हलते थे."

"मग?"

"हेच हलते!"