करंट दिलेली माती

ते प्रकरण आजही माझ्या तळपायांना आठवते. निलंगा तालुक्यातील एका तलावाच्या काठी, भर दुपारी, चिखलात रुतलेला बूट उपसताना माझा उघडा पाय क्षणभर मातीवर टेकला आणि मुंग्यांची एक बारीक रांग पोटरीपर्यंत चढत गेली. पाहिले तर पायावर एकही मुंगी नव्हती. जमिनीत वीज सोडलेली होती. मी पाय उचलून घेतला, पण ती जमीन मला खालून चाचपून पाहत आहे ही भावना पुढे बरेच दिवस गेली नाही.

मी तेव्हा त्या भागातील एका पोलीस ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. प्रकरणाची सुरुवात झाली वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या हद्दीतील गावे रिकामी होत. माणसे घराला कुलूप लावून शेतात जात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभारून काळ्या मातीची पूजा करत आणि भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांच्या पंगतीत दिवस घालवत. त्यामुळे दुसऱ्या सकाळी ठाण्यात चोरीच्या तक्रारी येणे हे आम्हाला सवयीचे होते. त्या सकाळी आलेली तक्रारही त्याच वळणाची वाटली. तलावाकाठी जॅकवेलचे, म्हणजे पाणीपुरवठ्याचे पंप बसवायच्या खोल विहिरीचे, खोदकाम चालू होते. तिथला सुपरवायझर सांगत होता की त्यांचा वायरमन तांब्याच्या केबलचे वेटोळे घेऊन पळून गेला. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली, मी सही केली. हवालदार जागा पाहून आला. मी गेले नाही.

दहाएक दिवसांनी वायरमनची बायको आली. किनवटच्या पलीकडून, इस्लापूरच्या बाजूने, रेल्वे आणि दोन एसट्या बदलून. बाकावर बसायला सांगितले तरी ती उभीच राहिली.

"जय भीम, मॅडम. त्यायनं चोरी नाही केली. ते रोज सांजच्याला फोन करत व्हते. त्या दिवशी नाही आला. पळणारा माणूस पहिला फोन घरी करते."

आमच्या पत्रावरून तिकडच्या पोलिसांनी तिच्या घराची दोनदा झडती घेतली होती. गव्हाची कणगी उपसली, पेटी उलथी केली, आणि हे सारे गावाने दारात उभे राहून पाहिले. तेव्हापासून ती नळावर आली की बाया आपली भांडी उचलून घेत. तिची मागणी एवढीच होती: माणूस शोधा. सापडला तर तो चोर आहे की नाही हे त्याच्या तोंडून कळेल, आणि नाही सापडला तर जन्मभर आम्ही चोराची माणसे.

मी तिला सगळ्या अधिकाऱ्यांप्रमाणे सांगितले, तपास चालू आहे. ती गेली आणि पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दोन महिने होत आले होते. त्या वेळी मी प्रथमच ती फाइल पानापानाने वाचली. त्याच्या मोबाइलचे शेवटचे ठिकाण तलावाकाठचेच होते, अमावस्येच्या दुपारचे. खोलीच्या पंचनाम्यात इस्त्रीचा शर्ट, चार्जर, दाढीचे सामान आणि घरी न्यायला घेतलेली मुलीची नवी चप्पल अशी यादी होती. हे सारे मागे ठेवून केवळ केबल घेऊन पळणारा माणूस मला डोळ्यांपुढे उभा करता येईना.

मी तलावावर गेले. फेब्रुवारीची दुपार होती, वारा पडलेला. प्रथम जाणवला तो वास: ओल्या लोखंडाचा, आणि त्यात ब्लीचिंग पावडरीसारखे काही तरी नाकाला झोंबणारे. खड्डा मोठ्या घराएवढा रुंद आणि तीन मजले खोल. उतारावर आणि त्याच्या मधल्या टप्प्यावर लोखंडी सळयांच्या रांगा रोवलेल्या, त्यांच्या मागे छिद्रे पाडलेले पाइप. सळयांभोवतीची माती गंजाने तांबूस झाली होती आणि भाजलेल्या मडक्यासारखी टणक वाजत होती. मागच्या पाइपांमधून मात्र पाणी आपोआप वर येत होते. पंप नाही, मोटार नाही. पाण्याला बोट लावले तर ते कोमट होते आणि रिठ्याच्या पाण्यासारखे निसरडे. पाइपाला कान लावल्यावर आतून बारीक फसफस ऐकू आली, जणू कुणी दातांतून श्वास घेत आहे. बूट रुतला तो तिथेच.

कंपनीचा अभियंता त्या दिवशी कामावर होता. अमावस्येच्या सुमारास तो आजारपणामुळे महिनाभर गावी होता, त्याला पळालेल्या वायरमनपलीकडे काही माहीत नव्हते. त्याने मला सोप्या शब्दांत समजावले. ही चिकण माती इतकी बारीक असते की तिच्यातले पाणी उपसून निघत नाही. तिच्यात वीज सोडली, की पाणी सळईकडून पाइपाकडे सरकू लागते. खड्ड्याच्या बाजूची माती अशी कोरडी आणि घट्ट होते, आणि एरवी लोण्यासारखी ओघळली असती ती भिंत उभी राहते. सळया मात्र झिजतात. वीज त्यांना आतून खाते.

"आणि वीज बंद केली तर?" मी विचारले.

"बंद करायचीच नसते, मॅडम. भिंत पुरती सुकेपर्यंत तर नाहीच. पाणी परत फिरतं. काही तासांत."

करंट मोजल्याचे रजिस्टर मी मागून घेतले. अमावस्येच्या दिवशीचे सगळे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे होते, आणि चोवीस तासांत त्यांच्यात काडीचाही फरक नव्हता.

वर काठावर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. माझा हवालदार तिला बाजूला हो म्हणाला, तशी ती त्याला म्हणाली, "तूच हो बाजूला. दोन महिन्याखाली आलतास तवा गाडीतून उतरला बी न्हाईस." मग माझ्याकडे वळून तिने हाताने मधला टप्पा दाखवला. तिचे सांगणे असे: करंट सोडल्यापासून इथली गांडुळे सकाळी जमिनीवर येऊन तडफडतात आणि त्यांच्यावर कावळ्यांची झुंबड उडते. सगळीकडे उडते, त्या एका ठिकाणी सोडून.

"पिंडाला शिवत न्हाई तसं करून राह्यलेत, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "गाव तिकडं बघंना झालंय."

दुसऱ्या दिवशी मी सूर्योदयाला तिथे पोचले आणि ते डोळ्यांनी पाहिले. ओल्या मातीतून गुलाबी गांडुळे वर येत होती, एकमेकांत गुंतत होती. त्यांच्यावर कावळे तुटून पडले होते, पण एकही कावळा ओरडत नव्हता. आणि मधल्या टप्प्यावर, दोन खाटांएवढ्या जागेत, काळ्या पंखांचा एकही ठिपका नव्हता. मी नोकरीत अनेक प्रेते पाहिली, पण त्या रिकाम्या जागेकडे पाहताना मला जे वाटले ते कोणत्याही प्रेताकडे पाहून वाटले नव्हते. काही वेळाने मी घटकाभर वीज बंद करायला लावली, खाली उतरले आणि बोटांनी वरचा चिखल खरवडला. बोटभर चिखलाखाली मुरूम लागला. मुरमात गांडुळे राहत नाहीत. कावळ्यांचे कोडे तिथे सुटले, पण अंगावरचा काटा काही बसला नाही, कारण आता प्रश्न असा होता की चिकण मातीच्या भिंतीत मुरूम कुणी भरला, आणि कशासाठी.

पंचांसमक्ष आम्ही प्रत्येक रांगेतील दोन सळया उपटल्या. सगळ्या चघळलेल्या उसासारख्या बारीक, खाचाखाचांच्या झालेल्या. मुरमातल्या चार सळया निघाल्या त्या मात्र दुकानातून आणल्यासारख्या, जाड आणि गुळगुळीत. अभियंत्याने त्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या. या सळया सुरुवातीला रोवलेल्या नाहीत आणि मुरमात त्यांच्यातून धड वीजही गेलेली नाही, असा जबाब त्याने दिला.

सुपरवायझरला मी ठाण्यात बोलावले. बोलका, नीटनेटका माणूस. चौकशीचा माझा अनुभव असा, की माणूस माणसांविषयीची उत्तरे पाठ करून येतो, वस्तूंविषयीची तयारी करत नाही. म्हणून वायरमनचे नावही न काढता मी टेबलावर दोन सळया ठेवल्या, एक झिजलेली आणि एक अखंड.

"लोखंड आहे, मॅडम. गंजतं."

"मग हे का गंजलं नाही?"

त्याने पाणी मागितले. पिऊन झाल्यावर म्हणाला, माती थोडी घसरली होती, दुरुस्ती केली. कधी, म्हटल्यावर तारीख आठवेना. इतक्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, तलावाच्या गावातले अप्पा आले आहेत, तुमच्याशीच बोलायचे म्हणतात.

अप्पा हे सत्तरी ओलांडलेले शेतकरी, गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. ते धोतराचा सोगा हातात धरून माझ्यासमोर बसले. सळया उपटल्याचे त्यांना कळले होते. सुपरवायझर बाहेरच्या खोलीत आहे हेही दिसले होते.

"वीज मीच बंद करायला लावली, बाईसाहेब," ते म्हणाले. "काळ्या आईचा सण. मी म्हन्लो, आजच्या दिस तरी तिला करंट देऊ नगा."

पुढचे त्यांनी थांबत थांबत सांगितले. सुपरवायझरने गावाशी वाईटपणा नको म्हणून पहाटेच स्विच पाडला आणि तो स्वतः कुणाच्या तरी शेतात जेवायला गेला. अप्पांनी वायरमनलाही बोलावले होते. तो म्हणाला, एरवी या सळयांना हात लावता येत नाही, आज करंट नाही तर खालच्या रांगेच्या सैल क्लिपा आवळून घेतो, मग येतो. तो आला नाही. दुपारी अप्पा त्याच्यासाठी आंबिलीची बारकी घागर आणि फडक्यात बांधलेले उंडे घेऊन तलावावर गेले. भिंतीचा मधला भाग खाली आलेला होता. पाणी कुठेच वाहत नव्हते, धूळही उडत नव्हती. चिखल नुसता गुळगुळीत पसरला होता, आणि पाइपांतली फसफस बंद होती.

"मी हाका मारल्या. सुपरवायझर आला. त्यो मला म्हन्ला, अप्पा, बंद करा कोण म्हन्लं व्हतं? केस तुमच्यावर हुईल. म्हन्ला, त्यो कुठंतरी गेला आसंल, म्या बघतो." अप्पांचा हात सोग्यावर घट्ट झाला. "मला ठावं व्हतं, बाईसाहेब. घागर घेऊन मी घरी आलो अन् कुणाला बोललो न्हाई. त्येची बायको गावात विचारत आली, तवा मी दार लावून घेतलं."

तहसीलदारांसमक्ष जागा खोदली. मुरमाखाली मूळचा चिखल लागला, पण तो चिखल राहिला नव्हता. आजूबाजूच्या सळयांतून दोन महिने वीज वाहत राहिली होती आणि तिने त्याच्याभोवतीचे पाणी थेंबाथेंबाने ओढून नेले होते. माती कच्च्या विटेसारखी घट्ट बसली होती. देहाविषयी मी लिहिणार नाही. देह उचलल्यावर जे मागे राहिले ते लिहिते, कारण तसे मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी पाहिले नाही. मातीत त्याचा साचा उरला होता. शर्टाच्या खिशातील टेस्टर, मनगटावरचे घड्याळ, आणि वर नेलेला एक पंजा, पाचही बोटे पसरलेली, रेषांसकट. तांब्याची केबल त्याच्या खालीच होती, सळयांना जोडलेली, घसरणीबरोबर आलेली. जिच्या चोरीचा गुन्हा आम्ही दाखल केला होता ती केबल.

त्याची बायको दुसऱ्या दिवशी पोचली. तिला मी जाऊ देणार नव्हते, पण ती म्हणाली, मला बघायचंय. भिंत आता पुरती सुकली आहे असे अभियंत्याने सांगितले होते; वीज पूर्ण बंद आहे याची मी स्वतः खात्री केली आणि तिच्याबरोबर खाली उतरले. ती साच्याशेजारी बसली. मग तिने आपला तळहात त्या मातीतल्या पंजात ठेवला. तिची बोटे त्यात बुडून गेली, कारण त्याचा हात मोठा होता. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, त्यांना किती वेळ लागला असेल. डॉक्टरांनी सांगितलेले मी सांगितले, फार नाही. ते खरे होते की नाही मला आजही ठाऊक नाही.

सुपरवायझरवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होणे, पुरावा नष्ट करणे आणि खोटी फिर्याद देणे असे गुन्हे दाखल झाले, दोषारोपपत्र गेले. अप्पा साक्षीदार झाले आणि न्यायालयात, कुणी न विचारता, वीज बंद करायला मीच सांगितले असे म्हणाले. चोरीच्या गुन्ह्यात मी फिर्याद खोटी असल्याची 'ब समरी' पाठवली.

या प्रकरणात ज्या क्षणी माणूस मेला त्या क्षणापर्यंत कुणाच्याही मनात पाप नव्हते. एकाने मातीचा मान राखायला वीज थांबवली, एकाने गावाचा मान राखला, एकाने सणाच्या दिवशीही आपले काम नीट केले. गुन्हा त्यानंतर सुरू झाला, मुरमाच्या पहिल्या पाटीबरोबर, आणि दुसऱ्याच सकाळी तो माझ्या सहीने कागदावर चढला. ठाण्यात जो आधी येतो त्याचीच गोष्ट आधी लिहिली जाते. उशिरा येणाऱ्याला, लांबून येणाऱ्याला, मग ती लिहिलेली गोष्ट खोडून काढावी लागते, आणि ते किती जड असते हे मला त्या बाईने शिकवले. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी जागा पाहिल्याशिवाय कोणत्याही पळालेल्या माणसाला चोर लिहिले नाही.

न्यायालयाने समरी मंजूर केल्यावर ती शेवटची आली. तिला शिक्क्याचा कागद हवा होता. मी नक्कल दिली. तिने ती मला दोनदा वाचायला लावली आणि नवऱ्याचे नाव आले की त्या ओळीखाली बोट ठेवले. मग कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "आता घरी जाऊन फोटूला हार घालते, मॅडम."