सरांच्या माळावरची खपली

मेंढरं मी बसवली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरातही नाही. साळवे सर गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा सगळे हळहळले, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आता विचारणारं कुणी उरलं नाही...

पाथर्डीजवळच्या आमच्या शाळेत सर विज्ञान शिकवत, मी मराठी. गावाबाहेर त्यांचा उताराचा तुकडा होता, मुरमाड, धुपून गेलेला. त्याला काट्यांचं कुंपण घालून त्यांनी कित्येक वर्षं आत पाऊल पडू दिलं नव्हतं. मातीवर तिथे काळसर, खरखरीत खपली धरली होती. "ही मेलेली माती नव्हे, वसंता," ते म्हणत, "डोळ्यांना न दिसणारे जीव एकमेकांना धरून बसलेत. आधी ते माती धरतील, मग गवत येईल." गाव हसायचं. "मास्तर शेवाळ राखत्यात!" हसायचो मीही, त्यांच्या माघारी.

दुष्काळाच्या त्या वर्षी सरांनी मुलांना खपली दाखवायला नेलं, मीही बरोबर होतो, तेव्हा माझा पाय चुकून आत पडला. सर सगळ्यांदेखत ओरडले, "पाय काढ! जनावराला तरी कळतं." मुलं फिदीफिदी हसली. एवढंच झालं. एवढ्यासाठी मी ते केलं.

आमच्याकडे धनगराचा कळप रात्रभर शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. त्याच संध्याकाळी बिरा धनगर जागा शोधत आला. मी कुंपणाचे काटे बाजूला ओढून दिले.

"गुर्जी, ही मास्तरांची जागा न्हाई का?"

"त्यांनीच सांगितलंय, बसव म्हणून."

"मंग लई बेस झालं."

सकाळी खुरांखाली खपलीचं पीठ झालं होतं. सरांनी ते मुठीत उचलून पाहिलं. गाव जमलं. बिरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बिरोबाची आन, ह्या गुर्जींनीच सांगितलं!" मी म्हणालो, "मी? मी याला ओळखतही नाही." लोकांनी त्याला फरफटत विहिरीच्या हौदापाशी नेलं आणि बडवलं. कधी कुणावर हात न उगारलेले सर मागून आले आणि शांतपणे म्हणाले, "याच्या मेंढरांना पाणी देऊ नका." पुढचं पाणी फार लांब होतं. हौद भरलेला असताना कोकरं त्याच्या कडेलाच कोसळली. एक खांद्यावर टाकून बिरा निघून गेला. ते जिवंत होतं का, मी पाहिलं नाही. पुढे पाऊस झाला तेव्हा सरांचा उतार ओढ्यात वाहून गेला.

शेवटच्या भेटीत मी त्यांचे पाय चेपत होतो. "वसंता, मुक्या जनावरांचं पाणी तोडलं रे मी... तो खरं बोलत असला तर?"

"धनगरच तो, सर. खोटंच बोलणार."

त्यांनी कूस बदलली.

त्यांच्या खोलीत खिडकीशी एक बशी आहे. तीत जुन्या खपलीचा तुकडा. सर रोज त्यावर बोटांनी पाणी शिंपडायचे. परवा मी शिंपडलं. काळा, वाळका तुकडा बघता बघता हिरवा झाला.

बिरा खरं बोलत होता. हे मला त्याला शोधून, त्याच हौदापाशी, गावासमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.