मोठ्या पेटीच्या नळ्या

त्या गुन्ह्याचा नंबर मी विसरलो, पण त्या नळ्या काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

नेकनूरकडच्या एका गावात निजामाच्या काळातलं चर्च होतं. त्यात परदेशातून बैलगाडीने आणलेला पाइप ऑर्गन. गाव त्याला मोठी पेटी म्हणे. भाता मारला की कथलाच्या नळ्यांतून सूर निघे. दुष्काळात मंडळी ऊसतोडीला गेली, चर्च बंद पडलं आणि तिथं सोसायटीचं कडब्याचं गोदाम झालं. एके दिवशी सोसायटीचा सेक्रेटरी ठाण्यात आला. पेटीच्या सगळ्या नळ्या चोरीला गेल्या होत्या.

मी नवा फौजदार, घराण्यातला पहिला पदवीधर. भंगारवाले तपासले, कल्हईवाले तपासले. हाती काही नाही. मग खबऱ्याने सांगितलं की पेटीचा भाता मारणारा म्हातारा आणि त्याची बायको ऐन पौषात पोत्यांवर झोपतात. मला तिथंच खटकलं. गरीब माणूस भांडी विकेल, थंडीत वाकळ विकत नाही.

म्हाताऱ्याला घरीच विचारलं. चोरीबद्दल तो तोंड उघडेना. "बाबा, वाकळा कुठं आहेत?" म्हटल्यावर मात्र त्याची नजर बळदाकडे, म्हणजे भिंतीतल्या धान्याच्या कोठीकडे गेली. त्या साली ती रिकामीच. आत एकेक नळी वाकळेत गुंडाळून उभी केलेली.

"कडब्याला जागा पायजे म्हणून सोसायटीवाले पेटी फोडणार व्हते," तो म्हणाला. "मान्सं तोडीवरनं आली की पुना बसवली असती, साहेब."

पंचनाम्यात वजन लागतं. शिपायाने नळ्यांची मोळी तारेने आवळली आणि काट्याला टांगली.

"आवळू नगा, साहेब. लई मऊ हाय त्ये." म्हातारा दोनदा म्हणाला.

"कायदा मला शिकवतोस का बे?" मी म्हणालो. बापाच्या वयाच्या माणसाला.

चर्चच्या मंडळींनीच आमची तक्रार नाही म्हटल्यावर कोर्टाने त्याला सोडलं, नळ्या परत दिल्या. मी पावतीवर सही घ्यायला गेलो तेव्हा म्हातारा नळ्या बसवून भाता मारत होता. चेपलेल्या तोंडांतून नुसता वारा येत होता. तोडीहून परतलेली माणसं खाली बघत बसली होती. शेवटी म्हातारीने त्याचा हात धरला, "ऱ्हाऊ द्या आता."

तपास माझा बरोबर होता. पंचनाम्यातही चूक नव्हती. पण ज्याच्या हाताखाली एखादी वस्तू जन्मभर असते, त्याला ती माझ्यापेक्षा जास्त कळते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पुढं प्रत्येक जप्तीत मी आधी आरोपीलाच विचारत आलो, हे कसं धरायचं? बऱ्याच जणांच्या वस्तू शाबूत परत गेल्या. त्या म्हाताऱ्याची गेली नाही.