माझा चीक

डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून आठ दिवस झाले, तरी माझं बाळ हलायचं नाव घेईना. नवरा फौजेत. त्यानं तारखेच्या आगेमागे आठ-आठ दिवस धरून रजा काढली होती. आधीचे आठ गेले, नंतरचेही गेले. मिरजेला गाडी पकडायला निघाला तेव्हा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "आता तरी ये की रं."

"रं कशावरनं?" मी विचारलं. तो हसला. मला हसू आलं नाही. पोरगाच असणार, पोरगं उशिरा येतं, हे मी त्या आठवड्यात इतक्या जणींकडून ऐकलं होतं की पुढच्या बाईला दारातूनच परत पाठवायची माझी तयारी होती.

सासर औंधकडचं, पण पहिलं बाळंतपण म्हणून मी कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावी आले होते. माहेरी अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची बहीण. मी चौथीत असताना आई गेली, तेव्हापासून आत्तीनंच मला वाढवलं. तिचं स्वतःचं एकुलतं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं. त्यानंतर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, ते पुन्हा न्यायला कोणी आलंच नाही. ती त्याबद्दल बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू. तरी गल्लीतल्या प्रत्येक बाळंतपणात शेवटचा शब्द तिचा. हा मान तिला कोणी दिला ठाऊक नाही, तिनं तो घेतला होता.

नवव्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात मला कळांचं सलाईन लावलं. सकाळपासून कळा आल्या, वाढल्या आणि होत्या तिथंच अडून बसल्या. दुपारी बाळाचे ठोके मंद व्हायला लागले, तशी डॉक्टरीणबाईंनी सिझर केलं. मुलगी झाली. एवढ्या उशिरानं आली आणि रडली नाही. पोटातच तिनं शी केली होती आणि ते पाणी छातीत गेलं होतं. मला नीट दाखवायच्या आधीच तिला उचलून नेलं. बाहेर आत्ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "काचेत ठिवलंय." आमच्याकडे हे वाक्य आवाज खाली करूनच बोलतात. त्या खालच्या आवाजाचाच मला राग आला. पोर जिवंत होती की माझी!

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी माझ्या हातात एक स्टीलची वाटी दिली. "जेवढं निघेल तेवढं दूध काढा. नळीनं घालू. आत्ता तिला याचीच गरज आहे." टाके ओढत होते, अंगात ताप होता. अर्धा तास पिळून पिळून चमचाभर निघालं, पिवळं आणि घट्ट. एवढं मोठं काम मी जन्मात केलं नव्हतं. आत्ती म्हणाली, "आण, दिऊन येते."

ती दाराकडे गेलीच नाही. कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेली, वाटी उपडी केली आणि वर पाणी सोडलं.

मी अशी ओरडले की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

"चीक हाय त्यो," आत्ती शांतपणे म्हणाली. "तीन दिस पिळून टाकायचा असतोय. लेकराला बाधतो."

त्याच आठवड्यात आमची म्हैस व्याली होती. अण्णांनी फोनवर कौतुकानं सांगितलं होतं, चीक लय घट्ट हाय, गल्लीभर वाटला. ते माझ्या डोक्यात लख्ख पेटलं.

"म्हशीचा चीक गल्लीभर वाटता आणि माझा मोरीत? म्हशीएवढी बी किंमत न्हाई व्हय माझी?"

शेजारची बाई टाके धरून हसली. आत्ती हसली नाही. "उलट बोलू नगंस. आजवर समद्यांनी टाकलाय."

"मग समद्या चुकल्या!"

तिचा चेहरा पडला. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मी जिंकले म्हणून खूश होते, हे कबूल करते. कुणाला काय लागलं असेल हे बघायला मला तेव्हा सवड नव्हती.

त्यानंतर मी वाटी कुणाच्या हातात दिली नाही. दर दोन तासांनी थेंब थेंब काढायचं, एक हात पोटावर, एका हातात वाटी, आणि भिंतीच्या आधारानं काचेपर्यंत जायचं. आत्ती बोलत नव्हती, पण मागून चालत यायची, मी पडले तर धरायला हात तयार ठेवून. सासूबाईंचा फोन आला, "मध तरी चाटवा गं." म्हटलं, "आवं आई, ती काचंत हाय. काच चाटवू का?" त्यांनी फोन ठेवला. ठेवू देत.

चौथ्या दिवशी पोर रडली. असं रडली की सिस्टर म्हणाल्या, ही आईवर गेली.

आठव्या दिवशी तिला काचेतून काढून माझ्याजवळ दिलं. त्या दिवशी आत्तीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. फ्रीजमध्ये राखलेल्या चिकाचा अण्णांनी करून पाठवलेला खरवसाचा डबा तिनंच झाकून खाटेखाली सारला होता, बाळंतिणीला जड म्हणून. पोर चुकत-माकत प्यायला लागली. आत्ती पायथ्याशी बसून एकटक बघत होती. मग तिनं विचारलं, "चीक टाकला, तर... त्यानं लेकरू जातंय व्हय गं?"

आठ दिवस मी सगळ्यांना उत्तरं देत होते. हे उत्तर मला खरंच ठाऊक नव्हतं. त्या बाळाला काय झालं होतं, हे आता कोण सांगणार? पण तिच्याकडे बघितलं आणि जन्मभर गल्लीतल्या प्रत्येक बाळाच्या आठव्या दिवशी तिनं काय काय आठवलं असेल ते एकदम कळलं.

"न्हाई," मी ठामपणे म्हणाले. "त्यानं कायसुदीक हुत न्हाई. तुझं बाळ त्यानं गेलं न्हाई, आत्ती."

"मग एवढी भांडलीस कशापायी?"

"भांडखोरच हाय मी. वाढवलंय कुणी?"

तिनं पदरानं डोळे पुसले. मग वाकून खाटेखालचा डबा ओढला, उघडला आणि खरवसाची पहिली वडी माझ्या तोंडात कोंबली.

"गप खा," म्हणाली.